किमान एक रुग्ण

आमच्या कचेरीत तीन रंग चालतात. लाल म्हणजे काम झालं नाही, पिवळा म्हणजे चालू आहे, हिरवा म्हणजे झालं. लाल ओळीला खुलासा द्यावा लागतो, हिरवीला पुरावा जोडावा लागतो आणि पिवळीला कुणी काही विचारत नाही. त्यामुळे आमचा सगळा आराखडा हळद लावल्यासारखा पिवळाधमक असतो. नवरदेव मात्र बोहल्यावर चढत नाही.

खात्याचं नाव सांगत नाही. निवृत्तीला थोडे महिने उरलेत आणि मला पेन्शन हवी आहे. एवढंच सांगते की मंत्री मुंबईत बसतात आणि त्यांचा आराखडा इथे पुण्यात शिजतो, आमच्या नियोजन कक्षात. ‘राष्ट्राचा विकास तालुक्यापासून सुरू होतो’ हे प्रस्तावनेचं पहिलं वाक्य मी आजवर चार मंत्र्यांसाठी टाइप केलंय. वाक्य तेच राहतं, शेजारचा फोटो बदलतो.

सुदर्शन कापगते माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. संशोधन सहायक. गाव पूर्व विदर्भात, भाताच्या पट्ट्यात, एका टोकाच्या तालुक्यात. आराखड्यातली आरोग्याची पानं त्याच्याकडे असतात. पस्तिशीचा, सावळा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. डब्यात रोज भात. आम्ही पुणेकर पोळ्या मोजून आणणारे, त्यामुळे पहिले काही दिवस त्याच्या डब्याची चर्चाच झाली. मी विनोद केला की तो जरा उशिरा हसतो, पण मनापासून हसतो. म्हणजे हसायचा.

लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे विचारायचे, घरी कोण कोण असतं, आणि हा पहिलंच वाक्य सांगायचा, “आईला डायलिसिस आहे.” मी एकदा चिडून म्हटलं, “अरे बाबा, खोटं बोलू नकोस, पण निदान दुसरं वाक्य म्हणून तरी सांग!” तर म्हणाला, “ताई, पण ते पहिलंच आहे.”

ते खरंच पहिलं होतं. तुळजाबाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा रक्त मशीनमधून शुद्ध करून घ्यायचं, नाहीतर माणूस संपला. गंमत अशी की त्यांच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मशीनं होती. चांगली नवी कोरी. खोलीला फरशी लागली होती, दारावर फलक लागला होता. फक्त मशीन चालवणारा तंत्रज्ञ नव्हता, कारण त्याचं पद मंजूर नव्हतं. म्हणून सुदर्शनने आईला पुण्याला आणलं. वाघोलीत चौथ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि शहरात एका धर्मादाय रुग्णालयात सवलतीची वेळ. ती वेळ मिळवायला त्याने कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते त्यालाच माहीत.

मी एकदा तुळजाबाईंना भेटायला गेले होते. लिफ्ट बंद होती, ती चालू असलेली मी कधीच पाहिली नाही. बाई गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पायावर सूज, हाताची नस सुतळीच्या गाठीसारखी फुगलेली. समोर टँकर, मग टँकरमागे अडकलेली कॉलेजची बस, मग बसमागे सगळी वाघोली. गॅलरीतल्या कुंडीत त्यांनी मिरचीचं रोप लावलं होतं. पदराच्या टोकाला एक किल्ली बांधलेली होती.

“घराची हाय,” माझी नजर बघून त्या म्हणाल्या. “पोरगी राहते बाजूच्या गावात, रतन, थे झाडझूड करून जाते. पन किल्ली म्या माह्याजवळ ठेवली. मालकीन मी हाय ना.”

मग हळूच म्हणाल्या, “ताई, तुमी त्याच हापिसात ना? आमची मशीन कधी सुरू होईन जी? मले इथं मराचं नाही. इथं जागा नाही मराले. या जिन्यावरून मले खाली कसं नेतीन, थेच मी पाहत राहतो.”

मी म्हटलं, “सुदर्शन बघतोय ना.” आणि खरंच तोच बघत होता. त्या मशीनची ओळ त्याच्याच तक्त्यात होती. मुलाने आईसाठी राज्याचा आराखडा हलवायचा, असा तो प्रकार होता. बाकी काही त्याला नको होतं. ती मशीनं चालू व्हावीत आणि आईला घरी नेता यावं, एवढंच.

आता आमच्या कामाची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ओळ हिरवी कधी म्हणायची, याची व्याख्या आधी ठरवावी लागते. ‘डायलिसिस केंद्र कार्यान्वित’ म्हणजे नेमकं काय? आधीच्या आराखड्यात लिहिलं होतं, ‘यंत्रसामग्री प्राप्त’. म्हणजे खोकी आली की केंद्र सुरू! त्या हिशेबाने तुळजाबाईंच्या तालुक्याची ओळ कधीच हिरवी झालेली होती. नवा आराखडा सुरू झाला तेव्हा सुदर्शन या एका व्याख्येसाठी भांडला. हा मुलगा, जो कॅन्टीनमध्ये शिळा वडा आला तरी निमूट खातो, तो भर बैठकीत उभा राहून म्हणाला, “खोकी म्हणजे केंद्र नाही. माणसावर उपचार झाला पाहिजे.”

आमच्या तेजस्विनी मॅडम, कक्षाच्या प्रमुख, कडक पण बाई खोट्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मग किती माणसं लिहू? पन्नास लिहिली तर राज्यात एकही केंद्र हिरवं होणार नाही आणि वरून आराखडाच परत येईल.”

“निदान एक तरी लिहा, मॅडम,” सुदर्शन म्हणाला. “किमान एक रुग्ण. एकावर उपचार करायचा म्हटलं तरी तंत्रज्ञ नेमावाच लागेल ना.”

सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं. हिंजवडीच्या सल्लागार कंपनीचा पृथ्वीराज, जो आमच्यासाठी ही रंगांची प्रणाली बनवत होता, त्याने तिथल्या तिथे व्याख्या भरून टाकली. त्या दिवशी सुदर्शनने सगळ्यांना चहा पाजला. एका शब्दाने राज्यातल्या कितीतरी खोट्या हिरव्या ओळी लाल झाल्या होत्या, आणि त्यात त्याच्या आईची होती.

लाल झाली, पण लाल राहायला हवी होती. मंत्र्यांसमोरच्या सादरीकरणात फक्त लाल ओळींवर चर्चा होते आणि लालसाठीच नवी पदं मंजूर होतात. जिल्हा तिला पिवळी करायला बघत होता. ‘भरती प्रक्रिया प्रगतीत आहे’ असा शेरा मारला की काम संपलं. मग पुढची पाच वर्षं ओळ त्या हळदीत पडून राहणार. सुदर्शनने दर वेळी शेरा परत पाठवला. कोणती प्रक्रिया, जाहिरात कुठे आहे, पद कुठे आहे? जिल्ह्याचे लोक वैतागले. शेवटी प्रकरण मॅडमकडे गेलं.

सुदर्शनने तेव्हा त्यांना आईचं सांगितलं. वशिला लावतोय असं वाटेल म्हणून आजवर बोलला नव्हता. मॅडमनी जिल्ह्याचा शेरा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, “ठेवा लाल. एक तरी ओळ खरी जाऊ दे वर.”

तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, “रडतोस काय, सरकारी कचेरीत खरं टिकलंय, पेढे वाट!”

आणि मग वरून एक पत्रक निघालं. सादरीकरणात प्रत्येक लाल ओळीवर त्या त्या जिल्ह्याने मंत्र्यांसमोर स्वतः उभं राहून उत्तर द्यायचं. झालं! जिल्ह्याजिल्ह्यांत पळापळ सुरू झाली. इतकी वर्षं ज्या खोल्यांना कुलूप होतं, त्यांच्या किल्ल्या शोधल्या जाऊ लागल्या.

एका दुपारी सुदर्शनला फोन आला. ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक बोलत होते. याने त्यांना वर्षानुवर्षं इतके अर्ज केले होते की आईचं नाव त्यांना पाठ होतं. आवाज इतका मोठा होता की मला इकडे ऐकू येत होता.

“कापगते साहेब, अभिनंदन! आपलं केंद्र सुरू करून राहिलो आपण. तंत्रज्ञ आला जिल्ह्याहून. पहिला मान तुमच्या मातोश्रींचा. मंगळवारी घेऊन या.”

“सर, तंत्रज्ञ कायमचा ना?” सुदर्शनने विचारलं.

“अहो, सुरूच झालं म्हटल्यावर आता काय बंद करू का?”

मी खुणेने म्हटलं, लेखी घे. त्याने फोन ठेवला आणि म्हणाला, “ताई, इतक्या वर्षांनी माणूस हो म्हणतोय. लेखी मागितलं तर बिथरेल.” त्याचा चेहरा इतका उजळला होता की मलाही पुढे बोलवेना. तुम्ही असतात तरी बोलला नसतात.

इथल्या धर्मादाय रुग्णालयाचा नियम साधा होता. गावी कायमचे जाणार असाल तर वेळ सोडा, रांगेत दुसरे आहेत. सुदर्शनने वेळ सोडली. सही करून आला आणि मला म्हणाला, “दुसऱ्या कुणाच्या तरी आईला मिळेल, ताई.”

निघायच्या दिवशी मी वाघोलीला गेले. तुळजाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. सूज होती, धाप होती, पण बाई आपल्या पायांनी चार जिने उतरल्या. प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांना सांगत होत्या, “येतो जी. आमच्याकडची मशीन सुरू झाली. माह्या पोरानं सुरू केली.” दोन वर्षांत ज्या दारांशी त्या कधी बोलल्या नव्हत्या, ती दारं उघडून बायका बाहेर आल्या. मिरचीची कुंडी त्यांनी मला दिली. “पानी देत जा. लई तिखट हाय, पन तुमाले चालीन,” म्हणाल्या. पुणेकराला टोमणा मारून गेल्या बाई!

मंगळवारी सुदर्शनने फोटो पाठवला. खोलीला फुग्यांची माळ, अधीक्षक, जिल्ह्याचे साहेब, आणि पलंगावर तुळजाबाई, एका हाताला नळ्या आणि दुसरा हात कपाळाशी नेऊन नमस्कार. मशीनवर झेंडूचा हार घातलेला. मी तो फोटो घरीदारी दाखवला. बिबवेवाडीत आमच्या शेजारणीलासुद्धा दाखवला, जिला माझ्या कचेरीत काय चालतं याचं काडीचंही कौतुक नाही.

त्याच संध्याकाळी जिल्ह्याने तोच फोटो पुरावा म्हणून जोडला आणि ओळ हिरवी झाली. किमान एक रुग्ण. व्याख्येत बसत होतं, अगदी तंतोतंत.

सुदर्शन गुरुवारी कामावर आला, कारण सोमवारी मंत्र्यांसमोर सादरीकरण होतं आणि आरोग्याची पानं त्याच्याकडे होती. आई घरी, रतन सोबतीला. पुढची पाळी शुक्रवारची.

शुक्रवारी रतन आईला घेऊन गेली तर खोलीला कुलूप. तंत्रज्ञ जिल्ह्याला परत गेला होता; त्याची नेमणूक एकाच दिवसाची होती. सुदर्शनने अधीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, “सोमवारी नक्की. मी स्वतः बोललो.” त्याने जिल्हा रुग्णालयात लावला. तिथे मशीनं भरलेली, रांग लागलेली. त्याने इथल्या धर्मादाय रुग्णालयात लावला. वेळ दुसऱ्याला दिलेली. शनिवार-रविवार तो कचेरीतच होता, एका हाताने आकडे जुळवत आणि दुसऱ्या हाताने फोन लावत. मी म्हटलं, “जा तू, मी बघते पानांचं.” म्हणाला, “ताई, सोमवारी सगळे जिल्हे इथेच येणार आहेत. मी मंत्र्यांसमोर उभं राहून जिल्ह्याच्या साहेबांना विचारेन. इथे मिळेल तसा तो माणूस मला कुठे मिळणार?”

हे त्याला अजून खरं वाटत होतं. योजना करणाऱ्या माणसाला बैठकीचा फार भरवसा असतो.

सोमवारी सभागृहात जाताना सगळ्यांचे फोन बाहेर टोपलीत ठेवून घेतले. पडद्यावर राज्याचा नकाशा होता आणि तो जवळजवळ सगळा हिरवा होता. एका जिल्ह्याची युक्ती बाकीच्यांनीही उचलली होती. तालुक्यातालुक्यांत एकेक रुग्ण एकेका मशीनला लावून फोटो काढून झाले होते. मंत्री खूश झाले. एक फोटो मोठा करून दाखवला गेला, तो तुळजाबाईंचा. टाळ्या वाजल्या. सुदर्शन मागच्या रांगेत उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, ही बाई शुक्रवारी परत आली होती. खोलीला कुलूप होतं.” पण टाळ्या चालू होत्या, आणि त्याच्या पुढच्या माणसाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मी त्याच्या बाजूलाच होते.

जिल्ह्याच्या साहेबांना त्याने चहाच्या वेळी गाठलं. ते म्हणाले, “बघतो, बघतो,” आणि वड्याच्या टेबलाकडे गेले.

टोपलीतून फोन मिळाले तेव्हा रतनचे किती फोन येऊन गेले होते ते मी बघितलं नाही. त्याने लावला. रतन सकाळपासून आईला घेऊन कुलपासमोर बसली होती. दुपारी तुळजाबाईंना श्वास घेता येईना, तेव्हा जीप करून जिल्ह्याच्या गावाला निघाली. निम्म्या वाटेतच संपलं. वाटेत एकदा त्या म्हणाल्या होत्या, “दादाले म्हनाव, मशीन चांगली हाय. मानूस तेवढा पाठव.”

सुदर्शन तिथेच पायरीवर बसला. मला म्हणाला, “ताई, एक मी लिहिलं होतं. मीच म्हटलं होतं, एक लिहा.” हे वाक्य तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला. मी त्याला जवळ घेतलं आणि मोठ्याने रडले. आजूबाजूला साहेबलोक होते. असू देत, म्हटलं.

तो तेरवी करून परत येईपर्यंत आराखडा छापून आला. गठ्ठेच्या गठ्ठे. यशोगाथेच्या पानावर तुळजाबाई, कपाळाशी हात. मी सगळे गठ्ठे त्याच्या टेबलापासून उचलून माझ्या खुर्चीमागे भिंतीशी नेऊन ठेवले. माझ्या पाठीतून कळ निघाली, तरी ठेवले. तो आला, डोक्यावर केस नुकते फुटत होते. टेबलावर बसला नाही, सरळ मॅडमच्या खोलीत गेला. मी सह्या घ्यायला आधीच आत उभी होते.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “कापगते, बसा. मला कळलं. मी काय बोलू…”

तो बसला नाही. इतक्या हळू बोलला की मॅडमनी पंखा बंद केला.

“मॅडम, व्याख्येप्रमाणे किमान एक रुग्ण हवा. त्या केंद्रात एकच होता. तो आता नाही. म्हणजे शून्य झालं, मॅडम. आता तरी ती ओळ लाल करा.”

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मग त्या खुर्चीत बसल्या, संगणक ओढून घेतला आणि ती ओळ काढली. रंगाच्या चौकटीवर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. त्यांनी पृथ्वीराजला फोन लावला आणि आवाज चढवून म्हणाल्या, “ही ओळ उघडून द्या मला, आत्ता.”

“मॅडम, एकदा हिरवी, म्हणजे अचीव्ह्ड, झाली की ओळ लॉक होते,” तो तिकडून म्हणाला. “छापूनही झालंय ना. पुढच्या प्लॅनमध्ये घेता येईल.”

“पुढच्या आराखड्यात घ्या मग,” सुदर्शन म्हणाला.

पुढच्या आराखड्यात फक्त राहिलेली कामं जातात, हिरवी नाहीत. हे त्याला माहीत होतं, त्यानेच ते पान लिहिलं होतं.

मग त्याने खिशातून ती घराची किल्ली काढली, बघितली, पुन्हा ठेवली आणि बाहेर जाऊन आपल्या टेबलावर बसला. मॅडम फोन कानाला लावून अजून ती चौकट दाबत होत्या. ओळ हिरवीच होती.